उंबऱ्याबाहेरची माणसे

हॉलंड हा समुद्राशी झुंजून जमीन मिळवलेला युरोपातील एक चिमुकला देश. सतराव्या शतकात मात्र त्याच्या वैभवाची बरोबरी करणारे देश फार थोडे होते. डच व्यापाऱ्यांची गलबते पूर्वेकडे जावा बेटापर्यंत जात. आपल्या सुरतेतही त्यांची वखार होती. मिरी, लवंगा, रेशीम, सुती कापड असा माल भरून ती परत येत आणि ॲमस्टरडॅमच्या बंदरात रिकामी होत. शहरातील कालव्यांच्या दोन्ही काठांना व्यापाऱ्यांची उंच, निमुळती घरे उभी राहत होती. घर झाले की भिंती आल्या आणि भिंती आल्या की चित्रे आली. त्या काळी हॉलंडात सधन व्यापारीच काय, पण साधा दुकानदारही चित्रे विकत घेई.

त्याच कालव्यांच्या काठाने दुसरीही माणसे चालत असत. स्पेनशी चाललेल्या दीर्घ युद्धात पाय गमावलेले सैनिक, दक्षिणेकडून घरदार सोडून आलेली कुटुंबे, आंधळे वादक, पाठीवर मूल बांधून दारोदार फिरणाऱ्या स्त्रिया, उंदीर मारण्याचे औषध विकणारे फेरीवाले. शहराला त्यांची अडचण वाटे. परवानगीवाचून भीक मागणे हा गुन्हा होता. ॲमस्टरडॅममध्ये १५९६ साली एक बंदिशाळा उघडण्यात आली होती. तेथे चोरांबरोबर धडधाकट भिकाऱ्यांनाही डांबत आणि रंग काढण्यासाठी त्यांच्याकडून कठीण लाल लाकूड किसून घेत. अशा माणसांचे चित्र कोणी काढले, तरी ते बहुधा हसण्यासाठी किंवा सावध करण्यासाठी असे. लंगडा दिसतो तो खरोखर लंगडा नाही, त्याने पाय बांधून घेतला आहे, असे काहीतरी त्या चित्रातून सुचवलेले असे.

या माणसांकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक चित्रकार त्याच देशात जन्मला. त्याचे नाव रेम्ब्रांट. त्याची मोठमोठी तैलचित्रे जगप्रसिद्ध आहेत. पण या पाठात आपण त्याच्या लहान चित्रांची, तळहातावर मावतील अशा काळ्या रेघांच्या चित्रांची ओळख करून घेणार आहोत.

रेम्ब्रांटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडेन या गावी झाला. ऱ्हाईन नदीच्या काठी त्याच्या वडिलांची पवनचक्की होती. तीत मद्यासाठी मोड आणून वाळवलेले जव दळले जात. नदीवरून घराण्याला फान ऱ्हाईन हे आडनाव पडले होते. आई एका पाववाल्याची मुलगी. घरात मुले पुष्कळ होती आणि रेम्ब्रांट हा धाकट्यांपैकी एक. एका भावाने वडिलांची चक्की सांभाळली, दुसरा पाव भाजण्याच्या धंद्यात शिरला. रेम्ब्रांटला मात्र आईवडिलांनी लॅटिन शाळेत घातले. १६२० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, लायडेनच्या विद्यापीठात त्याचे नावही नोंदले गेले. मुलाने शिकून मोठ्या पदावर जावे अशी त्या चक्कीवाल्याची इच्छा असणार. परंतु मुलाचे मन पुस्तकांत रमेना. त्याला रंग आणि रेषा यांचा ध्यास लागला होता. शेवटी वडिलांनी त्याला याकोब फान स्वानेनबुर्ख नावाच्या गावातल्याच एका चित्रकाराच्या हाताखाली ठेवले. तेथे सुमारे तीन वर्षे काढून पुढे तो ॲमस्टरडॅमला पीटर लास्टमन या नामांकित चित्रकाराकडे गेला. तेथील सहा महिन्यांत तो जे शिकला, ते त्याला जन्मभर पुरले. मग तो लायडेनला परतला आणि त्याने स्वतःची चित्रशाळा थाटली.

याच सुमारास त्याने एक नवी विद्या हाती घेतली. तिला अम्लरेखन म्हणतात. तांब्याचा एक गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ लेप द्यायचा. लेप वाळला की टोकदार सुईने त्यावर चित्र काढायचे. सुई जेथे फिरेल तेथला लेप निघतो आणि खालचे तांबे उघडे पडते. मग तो पत्रा तेजाबात बुडवायचा. लेप असलेल्या भागाला तेजाब शिवत नाही. उघड्या पडलेल्या रेघा मात्र ते खात जाते. पत्रा थोडा वेळ ठेवला तर रेघ बारीक राहते, अधिक वेळ ठेवला तर ती खोल आणि काळीभोर होते. नंतर लेप पुसून टाकायचा, पत्र्यावर शाई चोळायची आणि वरची शाई तळहाताने हलकेच पुसून घ्यायची. खोल रेघांत शाई तेवढी उरते. आता ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून पत्रा दाबून काढला की कागदावर चित्र उमटते. मात्र ते आरशातल्यासारखे उलटे उमटते. पत्र्यावरचा उजवा हात कागदावर डावा होतो.

त्या काळी तांब्यावर चित्र काढण्याची दुसरीही एक रीत होती. तीत पोलादी कोरणीने थेट धातूत रेघ खणावी लागे. मनगटात बळ हवे, वर्षानुवर्षांचा सराव हवा, आणि एवढे करून रेघ ताठच येई. अम्लरेखनाची सुई बोरूसारखी सहज धावते. एखादा म्हातारा काठीवर रेलून उभा आहे, तो दुसऱ्या पायावर भार देण्याच्या बेतात आहे, असा क्षण टिपायचा असेल तर हात असाच मोकळा पाहिजे. शिवाय तैलचित्र एकच होते. ते एका श्रीमंताच्या घरी जाते आणि तेथेच राहते. एका पत्र्यावरून मात्र पुष्कळ ठसे निघतात. ते थोड्या पैशांत मिळतात, गुंडाळून दूरदेशी नेता येतात. रेम्ब्रांटने पुढे चाळीस वर्षांच्या आत जवळजवळ तीनशे पत्रे तयार केले. युरोपात त्याचे नाव प्रथम पसरले ते या ठशांमुळे.

भिकाऱ्यांची चित्रे काढणारा तो पहिलाच नव्हे. फ्रान्सच्या सीमेवरील लॉरेन प्रांतात जाक कालो नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. १६२२ च्या सुमारास त्याने पंचवीस भिकाऱ्यांची एक चित्रमालिका केली. कुबड्या घेतलेला म्हातारा, जपमाळ धरलेली बाई, लक्तरे पांघरलेला आंधळा, अशी एकेक व्यक्ती कोऱ्या कागदावर एकटीच उभी. पहिल्या पानावर भटक्यांचा नायक हाती निशाण घेऊन उभा आहे. ही चित्रे देशोदेशी गेली आणि तरुण रेम्ब्रांटनेही ती पाहिली. त्याचे सुरुवातीचे काही भिकारी कालोच्या भिकाऱ्यांचे भाऊबंद वाटतात. पण कालोची माणसे थोडीशी नाटकातल्या पात्रांसारखी आहेत. त्यांची लक्तरेसुद्धा डौलदार दिसतात. रेम्ब्रांटच्या भिकाऱ्यांच्या अंगावरचे कपडे नुसतेच फाटके आहेत. आतला माणूस थंडीने आखडलेला आहे, हे त्याच्या खांद्यांवरून कळते.

लायडेनमध्ये १६२९ ते १६३१ या काळात त्याने अशी कितीतरी लहान चित्रे केली. लाकडी पायाचा भिकारी, भिंतीला टेकलेले भिकारी जोडपे, कुत्र्याला बरोबर घेऊन फिरणारा आंधळा सारंगीवाला. हे पत्रे इतके लहान आहेत की एखादे कोणाच्याही खिशात मावेल. या साऱ्यांत एक चित्र फार विलक्षण आहे. ते १६३० सालचे. मातीच्या उंचवट्यावर एक भिकारी बसला आहे. अंगात फाटका झगा आहे, पाठ वाकलेली आहे, एक हात पुढे केलेला आहे आणि तोंड उघडे आहे. तो काही मागतो आहे की कण्हतो आहे, हे सांगणे कठीण. त्याचा चेहरा मात्र ओळखू येतो, कारण तो स्वतः रेम्ब्रांटचा चेहरा आहे.

त्या वेळी रेम्ब्रांट चोवीस वर्षांचा होता. तो काही भिकारी नव्हता. उलट त्याचे नाव होऊ लागले होते, शिष्य येऊ लागले होते. त्या दिवसांत आरशासमोर बसून तो स्वतःच्या मुद्रा रेखाटत असे. कधी डोळे वटारलेले, कधी हसणे, कधी रागाने आवळलेले ओठ. चेहऱ्यावर भाव कसे उमटतात हे त्याला शिकायचे होते आणि फुकट बसून राहणारा नमुना स्वतःहून दुसरा कोठला मिळणार! त्या अभ्यासातलाच एक चेहरा भिकाऱ्याला लाभला, असे कोणी म्हणेल. तसे असेलही. तरीपण असे आहे, की त्या काळचे चित्रकार स्वतःला भरजरी झग्यात रंगवत, हातमोजे घालून रंगवत. रेम्ब्रांटने ते पुढे पुष्कळ केले. लोक ज्याच्याकडे न पाहता निघून जातात त्याच्या जागी स्वतः बसून पाहण्याचे धाडस मात्र फार थोड्यांनी दाखवले.

१६३१ च्या सुमारास तो ॲमस्टरडॅमला गेला. तेथे श्रीमंतांची रीघ त्याच्या दाराशी लागली. १६३२ साली त्याने शल्यवैद्यांच्या मंडळाचे मोठे चित्र रंगवले आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. १६३४ साली सास्किया या सधन घराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. तिचे वडील एका नगराचे नगराध्यक्ष होते. चक्कीवाल्याचा मुलगा आता मोठ्या लोकांत वावरू लागला.

पण पत्र्यावरच्या माणसांना तो विसरला नाही. १६३२ सालचे उंदरांचे औषध विकणाऱ्याचे चित्र पाहा. हा फेरीवाला एका खेडुताच्या दारात उभा आहे. त्याच्या हातातील उंच काठीच्या टोकावर टोपली आहे. टोपलीच्या कडेला मेलेले उंदीर टांगलेले आहेत आणि वर जिवंत उंदीर बसला आहे. एक तर त्याच्या खांद्यावरच आहे. बरोबर औषधाची पेटी घेतलेला एक पोरगा आहे. त्याने पुडी पुढे केली आहे. घराचे दार आडवे दुभागलेले. त्याचा खालचा भाग बंद आहे आणि वरच्या भागातून घरधनी म्हातारा डोकावतो आहे. पण त्याने तोंड फिरवले आहे, आणि हाताने तो पुडी दूर सारतो आहे. औषध नको हे तर झालेच. पण त्याला हा माणूसही नको आहे. ज्याच्यावाचून धान्याच्या कोठ्या सुरक्षित राहायच्या नाहीत, त्यालाच कोणी दाराशी उभे करीत नाही! हे चित्र लोकांना अतिशय आवडले. कित्येकांनी ते पाहून हसून घेतले असेल.

विनोदाचे रेम्ब्रांटला वावडे नव्हतेच. १६३४ साली त्याने भिकाऱ्यांची एक जोडगोळी केली. दोन वेगवेगळे पत्रे, पण ते शेजारी शेजारी ठेवायचे. एका चित्रातील भिकारी हात अंगाशी घेऊन कुडकुडत उभा आहे. थंडी कडाक्याची पडली आहे अशा अर्थाचे शब्द त्याच्याजवळ लिहिलेले आहेत. दुसऱ्या चित्रातला भिकारी त्याला, हे तर काहीच नाही, असे उत्तर देतो. ही कल्पना त्याने एका जुन्या जर्मन चित्रावरून उचलली होती.

१६३९ साली त्याने ॲमस्टरडॅममध्ये एक मोठे घर तेरा हजार गिल्डरना विकत घेतले. ही रक्कम फार मोठी होती आणि ती हप्त्यांनी फेडायची होती. घराच्या आसपास देशोदेशींहून आलेल्या लोकांची वस्ती होती. धर्माच्या छळामुळे स्पेन-पोर्तुगालमधून निघालेले ज्यू तेथे राहत, पुढे पोलंड-जर्मनीकडून आलेले गरीब ज्यूही तेथेच उतरले. आफ्रिकेतून आलेली काही माणसेही त्या भागात राहत. अशा वस्तीत चित्रकाराला चेहऱ्यांची काय उणीव! रस्त्यावर उभे राहावे आणि कागद भरावा.

घरात मात्र दुःखाने ठाण मांडले. सास्कियाची तीन मुले जन्मल्यावर थोड्याच काळात दगावली. १६४१ साली झालेला तीतुस हा मुलगा तेवढा जगला. पुढच्याच वर्षी, १६४२ साली, सास्कियाही वारली. ती अवघी एकोणतीस वर्षांची होती. त्याच वर्षी रेम्ब्रांटने नगररक्षकांच्या तुकडीचे आपले सर्वांत विख्यात चित्र पुरे केले. ते चित्र लोकांना आवडले नाही आणि तेथून त्याचे दिवस फिरले, अशी एक कथा पूर्वी फार सांगितली जाई. ती खरी नाही. चित्राचे पैसे त्याला मिळाले आणि ते मानाने टांगलेही गेले.

या काळातील एक गोष्ट त्याच्या चरित्रात काट्यासारखी सलते. लहान तीतुसला सांभाळण्यासाठी घरात खेर्त्ये दिर्क्स नावाची एक विधवा होती. रेम्ब्रांटने आपल्याला लग्नाचे वचन देऊन ते मोडले, अशी फिर्याद तिने १६४९ साली केली. न्यायालयाने तिला सालिना काही रक्कम देण्यास त्याला सांगितले. पण पुढे तिला गौडा शहरातील बंदिशाळेत घालण्यात आले, आणि त्या कामी रेम्ब्रांटने पुढाकार घेतला होता. ती पाच वर्षे तेथे होती. भिकाऱ्यांच्या चित्रांत इतकी माया ओतणाऱ्या माणसाने आपल्याच घरातील एका निराधार स्त्रीशी असे वागावे, याचे नवल वाटते. पण कागदपत्रे तसे सांगतात.

आणि याच सुमारास त्याच्या हातून त्याची सर्वांत उत्तम अम्लरेखने उतरली, हेही खरे. १६४८ साली केलेले एक लहान चित्र पाहा. पुन्हा एक दार आहे आणि दारात पुन्हा एक म्हातारा. बाहेर भिकाऱ्यांचे एक कुटुंब उभे आहे. आईच्या पाठीवर तान्हे मूल आहे, पुढे पाठमोरा एक मुलगा आहे, मागे हाताने दांडा फिरवून वाजवायचे वाद्य घेतलेला वृद्ध वादक आहे. म्हातारा बाईच्या तळहातावर नाणे ठेवतो आहे. एवढेच चित्र. सोळा वर्षांपूर्वीच्या चित्रात म्हाताऱ्याने तोंड फिरवले होते. येथे तो समोर पाहतो आहे. येथे कोणी कोणाच्या पाया पडत नाही, कोणी दातृत्वाचा तोराही मिरवत नाही. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्या बाईचा हात चित्राच्या मधोमध भेटतात, आणि तेथेच पाहणाऱ्याची दृष्टी खिळते. त्या भिकाऱ्यांना आता एक कुटुंब आहे. ते नुसते कोऱ्या कागदावर एकटे उभे नाहीत.

त्यानंतर थोड्याच काळात एक मोठा पत्रा तयार झाला. त्यावर त्याने बराच काळ काम केले असावे. सुईच्या रेघा, कोरणीच्या रेघा, धातूवर थेट ओरखडून काढलेल्या मखमली काळ्या रेघा, अशा सर्व रीती त्याने त्यात वापरल्या. चित्राच्या मध्यभागी येशू ख्रिस्त उभा आहे. उजव्या बाजूच्या अंधारातून आजारी आणि पंगू माणसांचा लोंढा त्याच्याकडे येतो आहे. एकाला हातगाडीवर घालून आणले आहे. एक दुबळी स्त्री चटईवर पडलेली आहे आणि पडल्या पडल्या तिने हात वर केला आहे. एक बाई गुडघे टेकून हात जोडते आहे आणि तिच्या जोडलेल्या हातांची सावली येशूच्या झग्यावर पडली आहे. डाव्या बाजूला विद्वान आणि सुखवस्तू लोक आपसांत वाद घालीत उभे आहेत. एक श्रीमंत तरुण विचारात बुडून खाली बसला आहे. आता गंमत पाहा. ही डावीकडची माणसे रेम्ब्रांटने थोड्या फिक्या रेघांत आटोपली आहेत. काही ठिकाणी तर चित्र अपुरे राहिले की काय असे वाटते. पंगूंच्या बाजूला मात्र त्याने रेघांवर रेघा चढवून प्रत्येकाचा चेहरा, प्रत्येकाची बोटे घडवली आहेत. इतर चित्रांत अशा माणसांना कोपऱ्यात जागा मिळे, आणि तीही चित्राला शोभा यावी म्हणून. येथे सगळे चित्र त्यांच्यासाठी आहे. या चित्राच्या एका प्रतीला शंभर गिल्डर एवढी किंमत आली, म्हणून त्याचे नाव शंभर गिल्डरचा ठसा असे पडले. पीडितांच्या चित्राला असे पैशाचे नाव मिळावे हे थोडे विचित्रच. पण लोकांच्या तोंडी ते बसले आणि आजही तेच चालते.

१६५१ सालच्या चित्रात आंधळा तोबित आहे. दूरदेशी गेलेला मुलगा परत आला आहे, त्याची चाहूल लागताच हा वृद्ध बाप खुर्चीवरून उठून दाराकडे धावतो. घाईत चरखा कोलमडला आहे, कुत्रा पायांत घोटाळतो आहे, आणि पुढे केलेला हात दाराच्या बाजूला, भलतीकडेच चाचपडतो आहे. डोळ्यांवाचून माणूस कसा चालतो, हे रेम्ब्रांटने किती बारकाईने पाहिले असेल!

कीर्ती होती, पण पैसा हातात टिकत नव्हता. रेम्ब्रांटला वस्तू जमवण्याचा भारी नाद. शंखशिंपले, जुनी शस्त्रे, पुतळे, थोर चित्रकारांची रेखाटने, जे आवडेल ते लिलावात चढी बोली देऊन तो घेई. जपानहून डच जहाजांतून येणारा पिवळसर, तलम कागद त्याला फार प्रिय होता. आपले कित्येक ठसे त्याने त्या कागदावर काढले. हिंदुस्थानातील मोगल चित्रेही त्याच्या पाहण्यात आली. त्यांवरून त्याने केलेली वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत. त्यांत शहाजहान बादशहा आहे, आणि झाडाखाली बसलेले चार वृद्ध साधुपुरुषही आहेत. या साधूंची बैठक त्याला इतकी भावली की १६५६ सालच्या एका अम्लरेखनात अब्राहमाच्या दारी आलेले देवदूत त्याने तसेच जमिनीवर बसवले. अशा रीतीने मोगल चित्रकाराची कल्पना हॉलंडातील तांब्याच्या पत्र्यावर उतरली.

त्याच १६५६ साली रेम्ब्रांटचे दिवाळे वाजले. घराचे हप्ते थकलेले, कर्जावर कर्ज चढलेले, इंग्लंडशी झालेल्या युद्धाने शहराचा व्यापारही मंदावलेला. सरकारी कारकून घरी आले आणि खोलीखोलीतून फिरून त्यांनी प्रत्येक वस्तूची यादी केली. ती यादी ३६३ कलमांची आहे. चित्रे, आरसे, पुतळे, ठशांच्या वह्या, स्वयंपाकघरातली भांडी, काही म्हणून सुटले नाही. पुढे सगळ्याचा लिलाव झाला. १६५८ साली घरही विकले गेले आणि त्याची किंमत त्याने दिलेल्या किमतीहून कमीच आली. रेम्ब्रांट शहराच्या पश्चिमेकडील साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहावयास गेला. भीक मागण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. चित्रांची मागणी चालूच होती. परंतु धनकोंचा तगादा कसा असतो आणि आपल्या दारातून आपलेच सामान बाहेर कसे जाते, हे त्याने अनुभवले.

या पडत्या काळात त्याला दोघांचा आधार मिळाला. एक त्याचा मुलगा तीतुस आणि दुसरी हेन्ड्रिक्ये स्टोफेल्स. हेन्ड्रिक्ये मूळची त्याच्या घरात कामाला आलेली. पुढे तिने पत्नीप्रमाणे त्याचा संसार सांभाळला. १६६० साली या दोघांनी चित्रे विकण्याची एक पेढी काढली आणि रेम्ब्रांटला तिचा नोकर केले. त्यामुळे त्याने नवे चित्र काढले तरी ते धनकोंना नेता येईना. हेन्ड्रिक्ये १६६३ साली वारली. १६६८ साली, लग्नाला वर्षही झाले नसता, तीतुसही गेला. तांब्याच्या पत्र्यांचे काम आता जवळजवळ थांबले होते. त्याचे शेवटचे अम्लरेखन १६६५ सालचे आहे. तैलरंगात मात्र तो अखेरपर्यंत काम करीत राहिला. त्या वर्षांतील स्वतःच्या चित्रांत त्याने सुजलेले डोळे, ओघळलेले गाल, सुरकुत्या यांतले काही म्हणून लपवले नाही.

४ ऑक्टोबर १६६९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटचा अंत झाला. पश्चिमेच्या चर्चमध्ये एका भाड्याच्या कबरीत त्याला पुरण्यात आले. तिच्यावर त्याच्या नावाचा दगड नव्हता. ती नेमकी कोठे होती हे आज कोणालाही दाखवता येत नाही.

त्याचे पत्रे मात्र हातोहाती फिरत राहिले. त्यांतले सुमारे ऐंशी आजही शिल्लक आहेत. व्यापाऱ्यांनी त्यांच्यावरून इतके ठसे काढले की पुष्कळांच्या बारीक रेघा झिजून गेल्या. शंभर गिल्डरचा ठसा ज्या पत्र्यावरून निघाला, तो अठराव्या शतकात विल्यम बेली नावाच्या एका कप्तानाच्या हाती पडला. त्याने झिजलेल्या रेघा आपल्या हाताने पुन्हा कोरल्या, काही प्रती काढल्या आणि मग त्या पत्र्याचे चार तुकडे करून त्यांचे वेगवेगळे ठसे विकले. रेम्ब्रांटच्या काळी निघालेले ठसे आज ॲमस्टरडॅम, लंडन, पॅरिस येथील संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. ज्या घरातून त्याला बाहेर पडावे लागले, त्या घराचे १९११ साली संग्रहालय झाले. भिंतींवर तेथे लाकडी पायाचा भिकारी आहे, उंदीरवाला आहे, आणि दारात नाणे घेणारी ती आईही आहे. पत्र्यावर शाई चोळून ठसा कसा काढतात, हे पाहावयास येणाऱ्यांना तेथे प्रत्यक्ष करून दाखवतात.